आमच्या दावणीचे घोडे

माझ्या हातून गेलेल्या घोड्यांबद्दल एकदा लिहून ठेवायचं बरेच दिवस डोक्यात होतं. घरातली पुढची पोरं आता विचारायला लागलीत, मोती कसा होता, सुलतान खरंच रेसचा होता का, आणि बाबा गेल्यापासून हे सगळं सांगणारा मी एकटाच उरलोय, म्हणून आठवतंय तसं लिहितो. क्रम चुकेल कुठेतरी, चालवून घ्या.

आम्ही माथेरानचे. दस्तुरी नाक्याच्या पुढे पेट्रोल-डिझेलची गाडी नाही हे सगळ्यांना माहिती आहे. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट हा डोंगर चढून वर आला आणि तिथून इथं बंगले व्हायला लागले, मग १९०७ ला नेरळहून छोटी रेल्वे आली, पण गावात आतमध्ये फिरायचं, पॉईंट बघायचे, बाजारात माल आणायचा तर अगदी हल्लीपर्यंत घोडा किंवा माणूस. आजोबा मालवाहू घोडे हाकायचे. बाबांनी पॅसेंजरचे सुरू केले. मी शाळेतनं आलो की दप्तर टाकून थेट तबेल्यात, पाणी दाखवायचं, लीद काढायची, खरारा करायचा. अभ्यासापेक्षा ते काम मला मनापासून आवडायचं आणि अजून आवडतं.

पहिला मोती. तो मी पोरगा असतानापासून घरात होता. आजोबांनी तो धनगरांकडून घेतलेला, भीमथडीचं तट्टू. ही तट्टं ठेंगणी, छातीला रुंद, पायाला घट्ट, धनगर लोक मेंढरांच्या मागं फिरताना अख्खा संसार त्यांच्या पाठीवर लादतात, कोंबड्या, भांडी, लहान पोरंसुद्धा. हल्ली भीमथडीला वेगळी जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली हे वाचून मला फार बरं वाटलं, इतकी वर्षं लोक नुसतं तट्टू म्हणून त्यांना कमी लेखायचे. मोतीवर दोन बाजूंना दोन सिलेंडर चढायचे, भरलेला सिलेंडर तीस किलोच्या आसपास जातो, म्हणजे साठ किलोचं ओझं आणि वर गादी, आणि दस्तुरीपासून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटरची लाल मातीची, दगडाची चढउताराची वाट. तो मालक सोबत नसला तरी बरोबर चालायचा. रस्त्यात पर्यटकांचा घोळका आला की स्वतःहून कडेला व्हायचा, कारण आपल्या पोटापेक्षा बाहेर सिलेंडर आलेत आणि ते कुणाला लागतील हे त्याला कळायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आजोबा म्हणायचे, मोतीला अंगाचं माप पाठ आहे.

आणि तो उभा राहायचा. हे मी मुद्दाम सांगतोय. ओझं उतरवताना एक बाजू आधी मोकळी होते, सगळा भार दुसऱ्या बाजूला जातो, खोगीर फिरायला बघतं, त्या वेळी घोडं एक पाऊल जरी हललं तरी सिलेंडर माणसाच्या पायावर. मोती त्या क्षणी चारही पाय रोवून उभा. पळणाऱ्या घोड्याचं सगळ्यांना कौतुक असतं, पण आमच्या धंद्यात घर चालतं ते उभं राहणाऱ्या घोड्यावर. पुढं मी जेवढी घोडी घेतली, तयार केली, ती सगळी ह्याच एका गोष्टीवर पारखली.

ह्याच्या अगदी उलट सुलतान. तो रेसचा, थरोब्रेड, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा, कपाळावर बारीक चांद. रेसकोर्सवरनं निवृत्त झालेले घोडे माथेरानला बरेच येतात, ते दिसायला देखणे, उंच, आणि कधीकधी किंमत पण आवाक्यातली असते कारण धावायचं वय संपलेलं असतं. बाबा विरोधात होते. ते म्हणाले, ह्या घोड्याला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवलीय की शेजारी घोडं आलं की त्याच्या पुढे जायचं, आणि आपल्या रस्त्यावर दर दहा पावलांना शेजारी घोडं येतं. बरोबरच होतं त्यांचं. पण मला तो सोडवेना.

त्याला आमच्या कामात आणायला एक अख्खा पावसाळा आणि वर हिवाळा गेला. पावसाळ्यात आमच्याकडे धो धो पडतो, नेरळहून येणारी रेल्वे बंद, धंदा नसल्यातच जमा, म्हणून आम्ही घोडे खाली नेरळच्या बाजूला उतरवतो. तिथं मी त्याला रोज सकाळी दुसऱ्या एका म्हाताऱ्या घोडीबरोबर नुसतं चालवायचो. खोगीर नाही, काही नाही, फक्त मोरकी आणि दोरी. घोडी पुढे गेली की हा कान मागे टाकायचा, मान ताणायचा, अंगाला घाम फुटायचा, आणि मी दोरी ओढायच्या ऐवजी त्याला गोल फिरवून परत मागे आणायचो. ओढाओढी केली की रेसचं घोडं आणखी जोर लावतं, कारण लगाम ताणला की पळायचं असंच ते शिकलेलं असतं. गोल फिरवलं की जोर कुठं लावायचा हेच त्याला समजत नाही. मग हळूहळू खोगीर, मग खोगिरावर वाळूची पोती, मग मी स्वतः, आणि मी बसल्यावर चालायचंच नाही, नुसतं उभं राहायचं. रेसच्या घोड्यावर जॉकी चढतो तोच चालत्या घोड्यावर, खालून कुणीतरी पाय उचलून देतं आणि फटकन वर. आमच्याकडे पन्नाशीच्या काकू दगडावर उभ्या राहून, दोन जणांचा आधार घेऊन, साडी सावरत, एकदा पाय टाकून परत काढून, असं पाच मिनिटं करतात. तेवढा वेळ घोड्यानं कान सुद्धा हलवायचा नाही ही अपेक्षा. सुलतान ते शिकला. माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे, कारण त्याच्या रक्तातच ते नव्हतं.

त्याचे खूर मात्र कायम त्रास द्यायचे. रेसच्या घोड्याला अॅल्युमिनियमच्या हलक्या नाली असतात आणि पाय मऊ ट्रॅकवर पडतात, तळवा पातळ राहतो. आमच्या जांभ्या दगडावर त्याला लोखंडी नाल लागायची आणि ती सुद्धा लवकर झिजायची. आमचे नालबंद चाचा होते, नेरळहून वर यायचे, त्यांचं काम मी तासन् तास बघितलंय. आधी ते घोड्याला चालवायला सांगायचे आणि स्वतः मान खाली घालून फक्त आवाज ऐकायचे. चारही पाय सारखे वाजतात का. दुखरा पाय घोडं हलका टेकतं, तो आवाज बारीक येतो, आणि पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडं डोकं वर उचलतं. मग पाय मांडीवर घेऊन जुनी नाल उचकटायची, वाढलेला खूर कापायचा, महिन्याला साधारण सेंटिमीटरभर खूर वाढतोच, मग कानस मारून तळ सपाट करायचा. नाल खुराला लावून बघायची, काढायची, ऐरणीवर ठोकायची, परत लावून बघायची. आणि मग खिळे. खिळा खुराच्या कडेच्या निर्जीव भागातनंच बाहेर आला पाहिजे, जरा आत गेला की जिवंत भागाला लागतो, घोडं लंगडतं आणि आत पू होतो. चाचा प्रत्येक खिळ्याच्या ठोक्याचा आवाज ऐकायचे, घट्ट कडक आवाज आला तर खिळा बरोबर चाललाय, भदभद आवाज आला की लगेच उपसून काढायचे. खूर माणसाच्या नखासारखा आहे, एवढं एक समजलं की बाकी सगळं समजतं असं ते म्हणायचे. धनुर्वाताची लस दिलेली आहे ना हे दर वेळी विचारायचे, आणि नसेल तर हातोडी खाली ठेवायचे.

ह्याच सुलतानाचं एकदा पोट धरलं. डिसेंबर होता, ख्रिसमसच्या सुट्टीची गर्दी, रात्री कडक थंडी. थंडीत घोडं पाणी कमी पितं आणि चारा कोरडा, आतडं गच्च होतं. रात्री दहाच्या सुमाराला तबेल्यातनं पाय आपटल्याचा आवाज आला म्हणून गेलो तर तो मागं वळून स्वतःच्या कुशीकडे बघतोय, पुढच्या पायानं जमीन खरवडतोय, मग बसतोय, परत उठतोय. ज्यांनी घोडं पाळलंय त्यांना हे बघितल्यावर काय होतं ते मी सांगायला नको. घोड्याला उलटी होत नाही, त्याची रचनाच तशी नाही, त्यामुळे आत जे अडकतं ते अडकतंच.

मी कान त्याच्या कुशीला लावला. निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुडगुड चालू असते, दोन्ही बाजूंना. उजवीकडे जवळजवळ काहीच नाही. जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजली, विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला अठ्ठावीस ते चाळीस, ह्याची साठच्या वर. हिरडीवर अंगठा दाबून सोडला, पांढरा झालेला ठिपका परत गुलाबी व्हायला दोन सेकंद पुरतात, ह्याला जास्त लागत होते. बाबांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर खालून येणार, दस्तुरीपर्यंत गाडी, तिथून पुढे अंधारात चालत, बॅग खांद्यावर. तोपर्यंत आम्ही त्याला हळूहळू चालवत ठेवलं, लोळू दिलं नाही, चारा सगळा उचलून टाकला. बाबा दोरी धरून पुढे आणि मी मागे टॉर्च घेऊन. बाबा अख्खा वेळ त्याच्याशी बोलत होते, जो घोडा घ्यायला ते नको म्हणत होते त्याच्याशीच.

डॉक्टर आले, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, मग नाकातनं नळी पोटात घालून पाणी आणि लिक्विड पॅराफिन सोडलं. नळी घालताना ती श्वासनळीत गेली नाही ना हे बघायला लागतं, डॉक्टर नळीच्या टोकाला तोंड लावून हवा सोडून बघत होते आणि मी घोड्याचं तोंड धरून. पहाटेपर्यंत काही नाही. उजाडल्यावर दोन-चार गोळ्या लीद पडली, कोरडी, वर चिकट थर असलेली, आणि आम्ही दोघांनी ती हातात घेऊन फोडून बघितली. ज्यांना किळस वाटत असेल त्यांना वाटू दे, त्या दिवशी घरात गोड केलं होतं. तेव्हापासून थंडीत आमच्याकडे कोमट पाणी आणि भिजवलेला कोंडा ठरलेला आहे, त्यात चिमूट नाही तर चांगलं मूठभर मीठ, मीठ गेलं की घोडं आपोआप पाणी मागतं.

सुलतान पुढं आणखी काही सीझन राहिला, मग पुढच्या पायाची मागची नस सुजायला लागली, रेसच्या घोड्यांचं हे नेहमीचं. कर्जतच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतावर दिला, तिथं कामाला नाही, नुसता चरायला.

आमचा आणखी एक घोडा शेरा, तो गेला मात्र सर्रा नावाच्या रोगानं. गोमाश्या चावून हा रोग पसरतो, रक्तात परजीवी जातात, ताप येतो, उतरतो, परत येतो, पायावर आणि पोटाखाली सूज, आणि खाऊन पिऊन घोडं वाळत जातं. पावसाळ्यात खाली मैदानात माश्या फार. औषध आहे, लवकर धरलं तर घोडं वाचतं, शेराचं रक्त तपासून येईपर्यंत तो उभा राहू शकत नव्हता. ह्याच्याबद्दल जास्त लिहवत नाही. ग्लँडर्स ह्या दुसऱ्या रोगाची भीती वेगळीच, त्याचे रक्ताचे नमुने हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात जातात, आणि पॉझिटिव्ह आलं तर कायद्यानं घोडं मारावंच लागतं कारण तो माणसालाही होतो. रिपोर्ट येईपर्यंत घोडेवाल्याच्या घरात कुणाला जेवण जात नाही. तरीही तपासणी झालीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, लपवणाऱ्यांमुळे सगळ्यांची घोडी जातात.

आता बिजलीबद्दल. ती सारंगखेड्याची. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीच्या काठावर एकमुखी दत्ताची यात्रा भरते, दत्तजयंतीला, आणि तिथला घोडेबाजार ज्यानं बघितला नाही त्यानं एकदा बघावाच. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे नुकरे, सगळे तिथं. लग्नाच्या वरातीला पांढरा नुकरा लागतो म्हणून त्याचे भाव लाखांच्या भाषेत बोलतात. उंची इंचात सांगतात. व्यापारी देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा दाखवतील, पंचकल्याण आहे म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं आहे म्हणतील, अंगावरच्या केसांचे भोवरे मोजतील, आणि त्यावर भाव चढवतील. भोवऱ्यांवर लोकांची श्रद्धा आहे त्याला मी काही म्हणत नाही, पण मी बघतो ते पाय. आधी लांबून उभं घोडं बघायचं, कुठला पाय तो आराम देतोय. मग पायावरनं वरून खाली हात फिरवायचा, कुठं गरम लागतंय का, गाठ आहे का. मग दात. पाच वर्षाला पुढचे सगळे कायमचे दात आलेले असतात, आणि वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाच्या सुमाराला एक खाच दिसायला लागते ती पंधराला निम्म्यावर येते. व्यापारी सात म्हणाला आणि खाच निम्म्यावर असली तर हसून पुढं जायचं. आणि सगळ्यात शेवटी, मी त्या घोड्यापाशी नुसता बसतो, तास-दोन तास. बाजारात ढोल वाजतात, पोरं पळतात, शेजारचं घोडं खिंकाळतं, आणि त्यात हे घोडं काय करतं ते बघायचं.

बिजली नाव तिच्या आधीच्या मालकानं ठेवलेलं. काठियावाडी, कान टोकाला आत वळून एकमेकांना भिडणारे, रंग सब्जा, म्हणजे करडा. तिच्या शेजारी दोन घोडे भांडत होते आणि ती हरभरे खात होती. तोबऱ्यातनं डोकं काढून एकदा बघितलं आणि परत खायला लागली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, दोघांचं तिथंच ठरलं, भाव करायला नंतर अर्धा दिवस गेला ती गोष्ट वेगळी.

टेम्पोनं धुळे, नाशिक, कसारा करत खाली आणली. वाटेत दोनदा उतरवून पाय मोकळे केले, पाणी दाखवलं. नेरळहून घाट मात्र चालतच चढवला, तिला रस्त्याचा वास समजू दे म्हणून. मग तयारी, आणि तयारी म्हणजे माथेरानच्या एकेका गोष्टीची ओळख. माकडं सगळ्यात आधी, कारण ती झाडावरनं धपकन समोर पडतात. पर्यटकांच्या छत्र्या. प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्यानं उडाली की भलीभली घोडी बुजतात, मी तबेल्याच्या दारालाच पिशव्या बांधून ठेवल्या होत्या, आठवड्यात तिनं बघायचं सोडलं. अमन लॉज स्टेशनला रेल्वेची शिट्टी ऐकवायला रोज नेली, आधी लांबून, मग रोज थोडं जवळ, आणि शिट्टी झाली की लगेच गुळाचा खडा. एको पॉईंटला लोक ओरडतात आणि समोरनं आवाज परत येतो, हे घोड्याला फार विचित्र वाटतं, त्याला दोन कानांनी दोन दिशांचा आवाज येतो. तिथं तिला जास्त वेळ लागला. पहिला पॅसेंजर माझी भाची, मग वजनदार मित्र, मग एकदम अनोळखी माणसं ज्यांना लगाम कसा धरायचा तेही माहिती नसतं. तिचं तोंड मऊ होतं, आणि अशा घोड्याचा लगाम अनोळखी माणसाच्या हातात देताना फार काळजी वाटते, लोक तोल गेला की लगाम ओढतात. म्हणून मी लगाम माणसाला देतच नसे, खोगिराची मूठ धरा म्हणायचो आणि दोरी माझ्या हातात. कृपया तुम्ही कधी माथेरानला आलात तर घोडेवाला मूठ धरा म्हणाला की ऐका, तो घोड्याचं तोंड वाचवतोय. आणि वजन विचारलं तर राग मानू नका, खरं सांगा.

बिजलीला पिल्लूही झालं, अकरा महिने वाट बघून, पहाटे, तासाभरात ते पायावर उभं. त्याचं नाव पवन, तो आज माझ्या भावाकडे पॅसेंजरला आहे आणि आईसारखाच थंड डोक्याचा.

डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा सुरू झाल्या. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांचे हाल मी लहानपणापासून बघितलेत, माणसानं माणूस ओढणं बंद व्हायलाच पाहिजे होतं, त्याबद्दल माझ्या मनात काही दुमत नाही. घोड्यांचा धंदा कमी झाला हेही खरं. पण रस्त्यावर पेव्हर ब्लॉक टाकतात त्याबद्दल मात्र मी बोलणार. उतारावर ओल्या ब्लॉकवर लोखंडी नाल घसरते, मातीत खूर रुततो, पकड मिळते, ब्लॉकवर मिळत नाही. घोडं पडलं की वरचा माणूसही पडतो. निदान पॉईंटकडे जाणाऱ्या आतल्या वाटा मातीच्या राहू देत, एवढीच आम्हा लोकांची मागणी आहे आणि ती काही वावगी नाही.

बिजली आता कामाला नाही. दातावरची ती खाच पार खालपर्यंत आलीय, दाढा झिजल्यात, हरभरे भिजवून भरडून द्यावे लागतात, चारा बारीक कुट्टी करून. खर्च आहे, नाही असं नाही, आणि काम न करणाऱ्या घोड्याला एवढं कशाला असं विचारणारेही आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर व्यापारी येतात, म्हातारी घोडी स्वस्तात उचलून पुढं कुठल्यातरी वीटभट्टीला नाहीतर टांग्याला देतात, तिच्यासाठी सुद्धा विचारून गेले. त्यांना मी पाणी पाजतो, चहा देतो, आणि नाही म्हणून सांगतो. पुतण्याला नवीन घोडं घ्यायचंय, येत्या दत्तजयंतीला आम्ही दोघं सारंगखेड्याला जाणार आहोत. दात कसे बघायचे ते मी त्याला बिजलीच्याच तोंडात बोट घालून शिकवतोय, ती काही करत नाही, उभी राहते.